टायर बदलण्याआधी जुन्या टायरची झीज वाचून घ्यावी

तुम्ही कळवलेली अडचण थोडक्यात अशी आहे. गाडी चार वर्षांची, ३२,००० किलोमीटर चाललेली आणि पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी आहे. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड जवळजवळ गुळगुळीत झाली आहे, बाहेरची कड मात्र अजून चांगली दिसते. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरते आणि ११० च्या पुढे ती थरथर पुन्हा कमी होते. सहा महिन्यांत दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि झुकाव जुळवण्याचे काम, करून घेतले आणि दोन्ही वेळा यंत्रातून निघालेल्या कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, होते. मागच्या उजव्या टायरची हवा आठवड्याला तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरते, त्या टायरला कडेजवळ एकदा पंक्चर काढलेले आहे, तरीही डॅशबोर्डवरचा हवेचा दिवा लागलेला नाही. टायरवर ५१ पीएसआय लिहिलेले आहे, दाराजवळच्या पट्टीवर ३३, आणि हवा भरणारे ३८ ते ४० भरून देतात. आता पुढचे दोन टायर नवे घ्यायचे ठरले असून ते पुढेच बसवावेत का आणि पुन्हा अलाइनमेंट करावे का, एवढेच तुम्हाला विचारायचे आहे.

मी गेली अनेक वर्षे चाके, टायर आणि सस्पेन्शन (चाकांना गाडीशी जोडणारी आणि धक्के झेलणारी रचना) याच कामात आहे, आणि अशी गाडी समोर आली की मी मालकांना पहिली विनंती हीच करतो की जुने टायर लगेच देऊन टाकू नका. झिजलेला टायर हा त्या गाडीच्या गेल्या काही हजार किलोमीटरचा लेखी पुरावा असतो. कोणत्या चाकावर भार कसा पडला, चाक कोणत्या दिशेला ओढले गेले, हवा किती होती, हे सगळे त्या रबरावर उमटलेले असते. तो पुरावा न वाचता नवे टायर घातले, तर जे कारण जुन्या टायरांना खाऊन बसले तेच नव्यांनाही खाणार आहे. तुमच्या गाडीत मला एक नव्हे तर तीन वेगवेगळी दुखणी दिसतात: आतली झीज, थरथर आणि हवा उतरणे. या तिन्हींवर आतापर्यंत अलाइनमेंट हा एकच उपाय झालेला आहे आणि तो यांपैकी फक्त एकाला, तेही अर्धवट, लागू पडतो.

गाडी डोळ्यांसमोर नसताना मी नेमके कारण सांगू शकत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. गाडीच्या मॉडेलनुसार सस्पेन्शनची रचना बदलते, नेहमीचा भार आणि रस्ते यांवरही बरेच अवलंबून असते. पण कोणत्या क्रमाने तपासावे आणि कोणत्या खुणेवरून काय ओळखावे, हे मात्र सगळ्या गाड्यांना सारखेच आहे.

सुरुवात झिजेपासून करू. पुढचे एक चाक काढून उजेडात उभे करा. आधी फक्त डोळ्यांनी पाहा, कारण आतल्या कडेचे रबर पूर्ण संपले असेल तर पोलादी पट्ट्याच्या बारीक तारा बाहेर आलेल्या असतात आणि त्या सुईसारख्या हातात घुसतात. तारा दिसल्या तर तो टायर तिथेच संपला, त्यावर आणखी गाडी चालवू नये. तारा नसतील तर खाचांची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा. नव्या टायरची खोली साधारण ८ मिलिमीटर असते, आणि खाचेच्या तळाशी आडवे बसवलेले रबराचे छोटे उंचवटे १.६ मिलिमीटरची शेवटची मर्यादा दाखवतात. टायरच्या कडेवर जिथे त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात, त्याच रेषेत हे उंचवटे सापडतात. पावसाळी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी १.६ पर्यंत थांबत नाही. ३ मिलिमीटरच्या खाली खाचांची पाणी बाहेर फेकण्याची ताकद इतकी उतरते, की कोरड्या रस्त्यावर उत्तम वाटणारा टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो.

त्यानंतर तळहात रबरावर ठेवून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने हात लोण्यासारखा सरकला आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा अडकला, तर चाकाची दिशा चुकलेली आहे असे समजावे. याला आम्ही ‘टो’चा दोष म्हणतो, म्हणजे वरून पाहिले असता दोन्ही चाके हवी तेवढी समांतर नाहीत. दोन्ही दिशांना हात गुळगुळीत सरकत असेल आणि रबर फक्त आतल्या बाजूला उतरत गेलेले असेल, तर संशय ‘कॅम्बर’वर जातो, म्हणजे चाक वरच्या बाजूने गरजेपेक्षा जास्त आत झुकलेले आहे. दोन्ही कडा झिजून मध्यभाग शाबूत असेल तर हवा कमी ठेवली गेली. फक्त मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त भरली गेली. आणि टायरच्या परिघावर थोड्या थोड्या अंतराने वाटीसारखे खळगे पडलेले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेला असण्याची किंवा चाकाचा समतोल बिघडलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

टोचा दोष किती रबर खातो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. एक चाक आपल्या योग्य दिशेपासून फक्त अर्धा अंश वळलेले असले, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते जवळजवळ ९ मीटर आडवे घासले जाते. म्हणजे १०,००० किलोमीटरमध्ये ते चाक सुमारे ८७ किलोमीटर फरफटत नेल्यासारखे होते. अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही, स्टिअरिंगलाही अनेकदा जाणवत नाही, कारण दोन्ही बाजूंचे दोष एकमेकांना तोलून धरतात आणि गाडी सरळ जात राहते. त्यामुळे ‘गाडी एका बाजूला ओढत नाही, म्हणजे अलाइनमेंट बरोबर आहे’ हा समज चुकीचा आहे. तुमच्यासारखी दोन्ही टायरांची आतली कड सारखीच गेली असेल, तर हीच शक्यता मला सर्वांत जवळची वाटते.

मग दोन वेळा आकडे हिरवे कसे आले? यंत्र उभ्या गाडीचे मोजमाप घेते, तर झीज चालत्या गाडीत होते. या दोहोंमध्ये लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीच्या चौकटीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश म्हणजे सांध्यातली रबरी नळकांडी, बॉल जॉइंट म्हणजे चाकाला वळू देणारा गोलाकार सांधा, आणि टाय रॉडची म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याची टोके असतात. यांतले काही ढिले झाले असेल तर गाडी उभी असताना ते आपापल्या जागी शांत बसतात आणि ब्रेक दाबला किंवा खड्डा लागला की चाक आपली दिशा सोडते. माझ्याकडे एक गाडी अशीच वर्षभरात तीनदा अलाइनमेंट होऊन आली होती. कागद निर्दोष होता आणि पुढच्या टायरांची आतली कड गेलेली होती. गाडी लिफ्टवर घेतली, लोअर आर्म आणि चौकट यांच्यामध्ये लोखंडी पहार घालून हलकेच ओढली, तेव्हा आर्मचा मागचा बुश जवळजवळ बोटभर सरकला. त्याचे रबर अर्ध्याहून अधिक फाटले होते, पण फट मिटून बसत असल्याने वरून नुसते पाहणाऱ्याला ते दिसले नसते. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, मग अलाइनमेंट केले, आणि ८,००० किलोमीटरनंतर त्या गाडीच्या आतल्या-बाहेरच्या खोलीत अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक होता.

म्हणून तिसऱ्यांदा अलाइनमेंटला जाण्याआधी सस्पेन्शन तपासून घ्या. चाक जमिनीपासून उचलून घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले असता खटका जाणवला, तर टाय रॉड किंवा स्टिअरिंगच्या जोडांकडे पाहावे. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले असता खटका आला, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटकडे. बुशसाठी मात्र पहारच लागते, हाताच्या जोराने ते कळत नाहीत. ही तपासणी लिफ्टवर किंवा भक्कम स्टँडवरच करावी, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, हात किंवा डोके घालू नये.

अलाइनमेंट करताना दोन गोष्टींचा आग्रह धरा. पहिली म्हणजे कामाआधीचे आणि कामानंतरचे असे दोन्ही आकडे कागदावर मागून घ्या. आधीचे आकडेही हिरवेच होते, तर त्या दिवशी काहीच दुरुस्त झालेले नाही आणि झिजेचे कारण दुसरीकडे आहे, हे त्या एका कागदावरून कळते. दुसरी गोष्ट म्हणजे चारही चाकांचे मोजमाप व्हायला हवे आणि त्याआधी हवेचा दाब पट्टीप्रमाणे करून घ्यायला हवा. पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) असलेल्या अनेक गाड्यांमध्ये कॅम्बर बदलण्याची सोयच कारखान्याने ठेवलेली नसते. अशा गाडीत कॅम्बरचा आकडा लाल आला, तर काहीतरी वाकलेले किंवा सरकलेले आहे आणि ते शोधायचे आहे. यंत्रावर उभे राहून तो आकडा कोणी ‘सेट’ करून देऊ शकत नाही.

आता थरथरीकडे येऊ. अलाइनमेंटने थरथर जात नाही, कारण दिशा चुकलेले चाक घासते, पण ते थरथरत नाही. ठराविक वेगाला सुरू होणारी आणि त्याच्या पुढे विरणारी थरथर ही बहुतांशी समतोलाची, म्हणजे बॅलन्सिंगची तक्रार असते. मध्यम आकाराच्या गाडीचे चाक ताशी ९० किलोमीटरला सेकंदाला साधारण साडेबारा वेळा फिरते. रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅमचा फरक असला तरी त्या वेगाला प्रत्येक फेरीत जवळजवळ चार किलो वजनाइतका धक्का बसतो. हाच धक्का ताशी ४५ ला चौथाईवर येतो, म्हणून शहरात काहीच जाणवत नाही. आणि स्टिअरिंग व सस्पेन्शन यांची स्वतःची एक नैसर्गिक लय असते, चाकाची लय तिच्याशी जुळली की थरथर सर्वाधिक होते आणि वेग पुढे गेला की ती लय तुटते. तुमचे ‘९० ला सुरू, ११० नंतर कमी’ हे वर्णन याला अगदी जुळणारे आहे. हात थरथरत असतील तर पुढची चाके आधी पाहावीत, आसन थरथरत असेल तर मागची. थरथर फक्त ब्रेक दाबताना होत असेल तर मात्र चाके सोडून ब्रेक डिस्क तपासाव्यात.

बॅलन्सिंगला देण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला एकदा नजर टाका. तिथे चिखलाचा वाळलेला थर बसला असेल तर तेवढ्यानेही समतोल बिघडतो. कुठे लांबट चौकोनी स्वच्छ डाग आणि त्यावर गोंदाचा चिकटपणा दिसला, तर तिथले चिकटवलेले वजन गळून पडले आहे, याहून सोपा पुरावा दुसरा नाही. चाक यंत्रावर फिरत असताना वजनाच्या आकड्यांइतकेच रिमच्या दोन्ही कडांकडेही लक्ष द्या. खड्ड्याचा मार बहुधा रिमच्या आतल्या ओठाला बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही. फिरताना ती कड लाटेसारखी हलत असेल तर रिम वाकलेली आहे. रिम सरळ फिरते पण टायरचा पृष्ठभागच वरखाली होतो, असे दिसले तर टायरच्या आतले थर सुटत असण्याची शक्यता असते आणि तसा टायर वापरात ठेवणे धोक्याचे आहे. यंत्राने शून्य दाखवल्यावर आणखी एक चाचणी मी नेहमी करतो: चाक सैल करून अर्धा फेरा फिरवतो, पुन्हा घट्ट करून यंत्र चालवतो. पुन्हा शून्याच्या जवळपासच आकडा आला तर काम बरोबर झाले, एकदम २०-२५ ग्रॅमचा फरक आला तर चाक यंत्राच्या मध्यावर बसलेलेच नव्हते. ही चाचणी करून दाखवा, असे तुम्ही कारागिराला नि:संकोच म्हणू शकता, चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

हवेच्या बाबतीत उत्तर सरळ आहे: ३३. टायरच्या भिंतीवरचा ५१ हा आकडा त्या टायरची कमाल सहनमर्यादा सांगतो, आणि तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या अनेक गाड्यांना बसत असल्याने तुमच्या गाडीला किती हवा हवी, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते गाडी बनवणाऱ्याने तिचे वजन आणि सस्पेन्शन पाहून ठरवलेले असते आणि दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते. अनेक गाड्यांच्या पट्टीवर कमी भार आणि पूर्ण भार असे दोन आकडे असतात, लांबच्या प्रवासाला पाच माणसे आणि सामान घेऊन निघताना दुसरा वापरावा. हे आकडे थंड टायरचे असतात, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली असताना मोजलेले. चालून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसणे साहजिक आहे आणि ती हवा कधीही सोडू नये. बाहेरचे तापमान साधारण ६ अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो, त्यामुळे ऋतू बदलला की मोजणी नक्की करावी. एरवीही धडधाकट टायर महिन्याला साधारण १ पीएसआय गमावतो, म्हणून महिन्यातून एकदा, आणि स्वतःच्या एकाच मापकाने, मोजण्याची सवय ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणचे मापक वेगवेगळे आकडे दाखवतात आणि त्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

नजरेने किंवा लाथ मारून हवा ओळखण्याची जुनी सवय आता सोडायला हवी. मिशलिनने १९४६ मध्ये ज्याचे पेटंट घेतले त्या रेडियल रचनेत टायरची भिंत मुळातच लवचिक असते, त्यामुळे हवा बरोबर असतानाही टायर खाली थोडा फुगलेला दिसतो आणि आठ-दहा पीएसआय कमी असतानाही जवळजवळ तसाच दिसतो. डॅशबोर्डवरच्या दिव्यावरही पूर्ण विसंबू नका. बऱ्याच गाड्यांमध्ये तो दाब सुमारे २५ टक्क्यांनी घसरल्यावर पेटतो, म्हणजे तुमच्या गाडीत ३३ चे २५ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो. काही गाड्यांत तर हवा प्रत्यक्ष मोजलीच जात नाही, चाकांच्या फिरण्याच्या वेगातला फरक पाहून अंदाज बांधला जातो. चारही चाकांची हवा हळूहळू सारखीच उतरली तर अशा यंत्रणेला तो फरक सहजासहजी कळत नाही. नायट्रोजनविषयी कोणी विचारलेच, तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. नायट्रोजन भरल्याने नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर मोजणी टाळली तर नुकसान नक्की आहे.

तुमच्या सगळ्या प्रश्नांत मला खरी काळजी मागच्या उजव्या टायरची वाटते. आठवड्याला तीन-चार पीएसआय उतरणे हे नैसर्गिक नाही. आधी व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे येतात का पाहा, कारण रबरी व्हॉल्व्ह चार वर्षांत कडक होतो आणि त्याला बुडाशी बारीक चिरा पडतात. तो वाकवून पाहिला की चिरा उघडतात. मग रिम आणि टायर जिथे मिळतात ती पूर्ण गोल कड पाहा, मिश्रधातूच्या रिमवर तिथे पांढरट गंज चढला तरी हवा निसटते. या दोन्ही ठिकाणी काही नसेल, तर उरते ते जुने पंक्चर.

पंक्चर कुठे आहे, हे इथे निर्णायक ठरते. दुरुस्ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या पट्ट्यात आणि साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या छिद्राचीच करावी. कड आणि भिंत हे भाग चाकाच्या प्रत्येक फेरीत वाकतात आणि पुन्हा सरळ होतात, आणि एका किलोमीटरमध्ये अशा सुमारे ५०० फेऱ्या होतात. त्या हालचालीत कोणतेही ठिगळ टिकत नाही. बाहेरूनच चिकट दोरी खुपसून केलेली दुरुस्ती मी फक्त घरी किंवा गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती मानतो. टायर रिमवरून उतरवून, आतून तपासून, छिद्र भरणारा दांडा आणि आतून बसणारे ठिगळ असे एकत्र बसवणे हीच पक्की दुरुस्ती होय. आतून तपासणे यासाठी आवश्यक असते की कमी हवेवर चाललेल्या टायरची भिंत आतल्या आत चुरगळलेली असते. असा टायर उघडला की काळ्या रबराची बारीक भुकटी बाहेर सांडते आणि भिंतीच्या आतल्या बाजूला घासल्याचा गोल पट्टा दिसतो. ही भुकटी दिसल्यावर मी तो टायर पुन्हा बसवत नाही, मालकांनी कितीही विनवले तरी. भिंतीवर बाहेर फुगवटा आला असेल तर तोही याच वर्गातला: आतले धागे तुटलेले आहेत, आता फक्त रबराची पातळ चादर हवा धरून आहे.

याच वेळी टायरचे वयही पाहून घ्या. भिंतीवर डॉट या अक्षरांनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पूर्ण आकडा अनेकदा एकाच भिंतीवर असतो, बाहेर दिसला नाही तर आतल्या बाजूला पाहावे. पाच वर्षांनंतर दरवर्षी एखाद्या जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर खाचा कितीही खोल असल्या तरी टायर काढून टाकावा. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे, आणि तिचीच तारीख सर्वांत जास्त विसरली जाते.

आता तुमचा मूळ प्रश्न: नवे दोन टायर कुठे बसवावेत? मागे. पुढची चाके गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा बहुतेक भार घेतात, म्हणून नवे टायर पुढेच हवेत असे मनाला वाटणे स्वाभाविक आहे. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी वळायला नकार देते, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर वेग उतरला की ती बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची पकड आधी सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि त्या क्षणी तिला सावरणे सराईत चालकालाही अवघड जाते. म्हणून जास्त खोलीचे टायर मागे आणि मागचे चांगले टायर पुढे, असा बदल करावा.

तुमच्या गाडीत मात्र हे मागच्या उजव्या टायरच्या तपासणीवर अवलंबून आहे. तो दुरुस्तीयोग्य निघाला तर दोन नव्या टायरांत काम भागेल. तो बाद ठरला तर तीन टायर जातात, आणि एकाच आसावर एक नवा आणि एक जुना टायर ठेवणे मला मान्य नाही, कारण दोन्ही बाजूंची पकड आणि व्यास वेगळे होतात. अशा वेळी चारही नवे घ्यावेत आणि उरलेला मागचा डावा टायर सुस्थितीत असेल व स्टेपनी पूर्ण आकाराची असेल तर तो तिथे ठेवावा. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत तर हा नियम आणखी कडक असतो. आकार, भारांक आणि वेगाचे अक्षर गाडीच्या पुस्तिकेशी जुळायलाच हवे: २०५/५५ आर १६ ९१ व्ही या लिखाणातले ९१ म्हणजे एका टायरवर कमाल ६१५ किलो आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. भारांक पुस्तिकेपेक्षा कमी असलेला टायर, बाकी सगळे जुळत असले तरी, घेऊ नये.

म्हणजे कामाचा क्रम असा राहील: आधी मागचा उजवा टायर उघडून त्याचा निकाल, मग पुढचे सस्पेन्शन पहार घालून तपासणे, रिम फिरवून पाहणे, नवे टायर नव्या व्हॉल्व्हसह बसवून चारही चाकांचे बॅलन्सिंग, आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट. अलाइनमेंट आधी आणि बुश नंतर, असे झाले तर ते पुन्हा करावे लागते.

चाके परत बसवतानाची काळजीही महत्त्वाची आहे, कारण चांगले झालेले काम तिथे बिघडते. हब (गाडीकडचा चाक बसण्याचा भाग) आणि रिम जिथे टेकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा, तिथे गंजाची एक खपली अडकली तरी चाक तिरके बसते आणि थरथर परत येते. नट आधी हाताने पूर्ण फिरवा, मग ताऱ्याच्या आकारात, समोरासमोरचे, दोन टप्प्यांत आवळा आणि शेवटचा जोर टॉर्क पान्ह्यानेच, म्हणजे ठरवलेल्या जोराला आवळणाऱ्या पान्ह्यानेच, द्या. तो आकडा पुस्तिकेत असतो. हवेवर चालणाऱ्या यंत्राने धडाधड आवळलेले नट बोल्ट ताणतात आणि ब्रेक डिस्क वाकवू शकतात, शिवाय रस्त्यात स्टेपनी बदलण्याची वेळ आली की गाडीतल्या पान्ह्याने ते हलतही नाहीत. आट्यांना तेल लावू नका, तेलामुळे त्याच जोराला बोल्टवर ताण कितीतरी अधिक येतो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा एकदा त्याच जोराला तपासून घ्या.

यापुढे दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला चाके उतरवून पाहत जा. पुढच्या-मागच्या खोलीतला फरक कमी असेल तेव्हा जागाही बदला: पुढची चाके त्याच बाजूने मागे आणि मागची चाके बाजू बदलून पुढे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बाजू बदलता येत नाही, फक्त पुढचे-मागचे करता येते. फरक मोठा असेल तोवर जागा न बदलता फक्त पाहा. नवे काम झाल्यावर २,००० किलोमीटरनंतर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी उभी करा, पुढच्या टायरची आतली कड विजेरीच्या उजेडात सहज दिसते. तिची आणि बाहेरच्या कडेची खोली मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असेल, तर दोन्ही मोजमापे आणि अलाइनमेंटचे आधीचे-नंतरचे दोन्ही कागद घेऊन या, मी पुन्हा सविस्तर सांगेन.